मोजणारी माणसे

लातूरच्या आमच्या जुन्या घरात बैठकीच्या भिंतीवर एक लंबकाचे घड्याळ होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी वडिलांनी ते हैदराबादहून आणलेले. दर रविवारी सकाळी आंघोळ आटोपली की ते स्टुलावर चढून त्याला किल्ली देत आणि वरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ते घड्याळ थांबले. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते, मिरवणुकीत जागलेले गाव नुकते कुठे निजले होते. जमीन हलली तेव्हा तीन वाजून छप्पन्न मिनिटे झाली होती. आमचे घर शाबूत राहिले. लंबक तेवढा बाजूच्या काचेवर आदळून अडकला.

तिकडे किल्लारी, मंगरूळ, तळणी, आणि शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावे माळवदाखाली गाडली गेली. सरकारी मोजणीप्रमाणेसुद्धा मृतांचा आकडा आठ हजारांच्या घरात गेला. त्या पंधरवड्यात आम्ही कुणाकुणाच्या दारात जाऊन आलो त्याची यादी आता देत नाही. वडिलांनी तेरा दिवस घड्याळाला हात लावला नाही. चौदाव्या दिवशी स्टुलावर चढले, लंबक सरळ केला, किल्ली दिली आणि काही न बोलता खाली उतरले.

मी तेव्हा लातूरच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचा नवखा प्राध्यापक होतो. पुढे पुष्कळ वाचन झाल्यावर एक गोष्ट कळली, ती आजही मनातून जात नाही. देशाच्या भूकंपप्रवणतेचा जो नकाशा त्या वेळी प्रमाण मानला जात होता, त्यात किल्लारीचा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. दख्खनचा हा कातळ पुरातन, स्थिर, इथे काही व्हायचे नाही अशी समजूत. वास्तविक १९९२ सालापासूनच किल्लारीत जमीन लहानसहान धक्के देत होती. माणसे घराबाहेर झोपत होती आणि मग काही होत नाही असे पाहून पुन्हा आत जात होती. त्या धक्क्यांचा बारकाईने हिशेब ठेवणारे उपकरणांचे दाट जाळे इथे नव्हते. पट्टा बदलला तो २००२ च्या सुधारित नकाशात. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल भोक पाडून पाहिले, आपल्या काळ्या पाषाणाचा थर तिथे ३३८ मीटरच जाड आहे आणि त्याखाली जुना ग्रॅनाइटी खडक आहे हे नोंदले, तेही भूकंपानंतर. ज्याचे मोजमाप नाही ते अस्तित्वातच नाही असे धरून चालण्याची आपली रीत किती महाग पडते, हे आमच्या पिढीने पाहिले आहे.

हे सगळे आज आठवायचे कारण माझी भाची.

डॉक्टर, पण दुसरी

बहिणीची ही थोरली मुलगी भूकंपानंतर तीन वर्षांनी, निलंगा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात जन्मली. पत्र्याच्या शेडमधून नव्या घरात येऊन त्यांना वर्षही झाले नव्हते. दहावीला चांगले गुण मिळाल्यावर शिरस्त्याप्रमाणे ती लातूरला आमच्याकडे आली. 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. पहाटे पाचला उठणारी, सायकलवरून एका शिकवणीतून दुसरीकडे पळणारी, रविवारी सराव परीक्षा देणारी हजारो मुले. घरोघरी त्यांना जेवणाचे डबे पुरवणाऱ्या बायका. एका प्रश्नाला किती सेकंद द्यायचे याचे गणित इथल्या मुलांना झोपेतही येते. नांदेडनेही गेल्या काही वर्षांत हाच मार्ग धरला आहे. मी स्वतः या गाड्याचा एक बैल होतो. तीस वर्षे मुलांना सेकंद वाचवायला शिकवले, आणि त्यातले कितीतरी आज गावोगावी दवाखाने थाटून बसले आहेत याचा मला अभिमान आहे.

भाचीला बारावीला मेडिकलला जाण्याइतके गुण होते. ती गेली नाही. बी.एस्सी. लातूरला केले, एम.एस्सी. नांदेडला विष्णुपुरीच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात, आणि नेटची परीक्षा देऊन, विद्यावेतन मिळवून २०२० साली पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ला दाखल झाली. गावात विचारणारे विचारतात, "पोरगी काय करायली?" मेहुणे सांगतात, "डॉक्टर होतीय, पण दुसरी."

तिचा विषय असा : लेसरच्या प्रकाशाने अणूंना अतिशय थंड करायचे, त्या थंड अणूंकरवी वेळ आणि गुरुत्वाकर्षण यांचे मोजमाप करायचे, आणि हे करणारे खोलीभर पसरलेले यंत्र लहान, हातात उचलून नेता येईल एवढे कसे होईल ते पाहायचे. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी, आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस, नुसता मान हलवत राहिलो. मग एका दिवाळीत तिने मला भिंतीवरच्या घड्याळासमोर उभे केले.

"मामा, हे काय आहे?"

"घड्याळ."

"लंबक वेळ मोजतो. पण तो किती झपाट्याने हलणार ते कशावर ठरतं?"

हे तर मी दरवर्षी अकरावीला शिकवत आलो. लंबकाची लांबी आणि त्या जागेचे गुरुत्वाकर्षण. १६७२ साली ज्यां रिशे नावाच्या फ्रेंच ज्योतिर्विदाने पॅरिसमध्ये बरोबर चालणारे घड्याळ विषुववृत्ताजवळच्या कायेनला नेले तर ते रोज अडीच मिनिटे मागे पडू लागले. तिथे गुरुत्वाकर्षण किंचित कमी होते. म्हणजे एकच लंबक घड्याळही असतो आणि जमीन तोलणारा काटाही. "माझे अणू म्हणजे तोच लंबक," ती म्हणाली, "फक्त तो गंजत नाही, झिजत नाही, आणि जगातला कुठलाही रुबिडियमचा अणू दुसऱ्याची हुबेहूब नक्कल असतो."

प्रकाशाने केलेली थंडी

रुबिडियम हा मऊ, चांदीसारखा धातू ३९ अंश सेल्सिअसला वितळतो. आमच्या मे महिन्यात कुपीत ठेवला तर दुपारी त्याचे पाणी होईल. त्याची वाफ केली तर खोलीच्या तापमानाला तिचे अणू सेकंदाला सुमारे तीनशे मीटर, म्हणजे ताशी हजार किलोमीटरच्या वेगाने सैरावैरा धावतात. धावत्या गुराचे दात मोजता येत नाहीत, तसे या अणूंचे. त्यांना आधी उभे केले पाहिजे.

ते प्रकाशाने करता येते. प्रकाशाचा प्रत्येक कण अणूवर आदळताना त्याला अगदी बारीकसा धक्का देतो. समोरून घरंगळत येणाऱ्या लोखंडी गोळ्यावर जोंधळ्याचे दाणे मारावेत तसे. एका दाण्याने वेग सेकंदाला सहा मिलिमीटरने कमी होतो. पन्नासेक हजार दाणे बसले की अणू जवळजवळ थांबतो, आणि हे सारे काही हजारांश सेकंदांत उरकते. खुबी अशी, की जवळ येणाऱ्या रेल्वेगाडीची शिट्टी जशी चढ्या सुराची वाटते तसा समोरून येणाऱ्या अणूला प्रकाशाचा रंग किंचित बदललेला भासतो. म्हणून लेसरचा सूर जरासा खाली लावला की प्रकाश फक्त अंगावर येणाऱ्या अणूलाच अडवतो, पळणाऱ्याला ढकलत नाही. सहा दिशांनी असे सहा झोत सोडले आणि चुंबकीय क्षेत्राची जोड दिली की मधोमध अणूंचा एक लहानसा ढग तरंगत राहतो. निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचा दहा हजारावा भाग, एवढेच त्याचे तापमान. तिथे अणूंचा वेग सेकंदाला सतरा सेंटिमीटरवर येतो. या विद्येबद्दल स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानुजी आणि विल्यम फिलिप्स यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

गंमत अशी की, त्या काळी आपण ज्या सीडीवर गाणी ऐकायला लागलो होतो, ती वाचणारा लेसर ७८० नॅनोमीटरचा होता, आणि रुबिडियमच्या अणूला लागणारा प्रकाशही जवळजवळ तेवढ्याच तरंगलांबीचा आहे. त्यामुळे गाणी ऐकण्यासाठी लाखांनी बनवलेले स्वस्त लेसर प्रयोगशाळांच्या कामी आले. विज्ञानात दारिद्र्याची सोय अशी कधी कधी बाजारच करतो.

आता घड्याळाचे पाहू. पूर्वी लग्नघरी घंगाळात घटिकापात्र सोडत. बुडाशी भोक असलेली ती वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे, झाली. भोक किंचित मोठे असेल तर मुहूर्त लवकर. १९६७ पासून जगाचा सेकंद सीझियमच्या अणूवर बेतलेला आहे : त्याच्या एका ठराविक कंपनाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने झाली की एक सेकंद. इथे भोक मोठे-लहान होण्याचा प्रश्न नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत असे थंड सीझियमचे 'कारंजे घड्याळ' उभारले गेले. त्यात अणूंचा ढग वर उडवतात आणि वर जाताना व खाली येताना त्याची दोनदा विचारपूस करतात. पुण्याच्या आयुकामध्ये सुभदीप डे यांच्या प्रयोगशाळेत यटर्बियमच्या एकाच आयनावर चालणारे त्याहून अचूक जातीचे घड्याळ घडवण्याचे काम चालते, आणि पुण्याच्याच आयसरमध्येही थंड अणूंवर प्रयोग होतात. एके काळी मुंबईचे घड्याळ उरलेल्या हिंदुस्थानच्या घड्याळापेक्षा ३९ मिनिटे मागे ठेवण्याचा हट्ट १९५५ पर्यंत चालला होता. त्याच महाराष्ट्रात आज सेकंदाच्या शंभर अब्जाव्या भागाचे वाद चालतात, हे छानच म्हणायचे.

एवढी अचूकता कुणाला हवी, असे वाटेल. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात तीस सेंटिमीटर जातो. उपग्रहाचे घड्याळ दशलक्षांश सेकंदाने चुकले तर आपला फोन आपल्याला तीनशे मीटर दूर दाखवील. आपल्या 'नाविक' मालिकेतल्या पहिल्या उपग्रहावरची आयात केलेली तिन्ही अणुघड्याळे बंद पडल्याचे २०१७ च्या सुरुवातीला जाहीर झाले आणि तो उपग्रह दिशादर्शनाच्या कामातून बाद झाल्यासारखा झाला. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ वर प्रथमच देशात बनवलेले रुबिडियम घड्याळ चढले. मधल्या काळात कितीजणांनी किती रात्री जागवल्या असतील याची कल्पना आपण करू शकतो.

लहान करण्याची किंमत

भाचीच्या कामाचा गाभा आहे तो लहान करण्यात. अणुघड्याळ लहान करता येते हे २००४ सालीच अमेरिकेत सिद्ध झाले. त्याचा गाभा तांदळाच्या दाण्याएवढा होता. २०११ पासून ती बाजारात मिळतात, आणि समुद्रतळावर ठेवायच्या भूकंपमापकांतही ती वापरतात, कारण पाण्याखाली उपग्रहाची वेळ पोहोचत नाही. पण त्यांतले अणू गरम वाफेतले, भिंतीवर आणि एकमेकांवर आदळणारे, म्हणून दिवस जाता जाता घड्याळ सरकत जाते. थंड अणू अधिक इमानी. मात्र त्यांना आदळायला हवेचा कणही नको, म्हणून आजूबाजूचा दाब वातावरणाच्या एक लाख कोटीव्या भागाइतका खाली आणावा लागतो, आणि तसा ठेवावा लागतो.

गुरुत्वाकर्षण मोजायचे तर आणखी एक अडचण. १९९१ साली स्टॅनफर्डला मार्क कासेविच आणि चू यांनी दाखवले की पडणाऱ्या अणूंना लेसरचे तीन ठोके दिले तर ते किती झपाट्याने पडतात हे फार बारकाईने वाचता येते. पण पडायला वेळ हवा. एक मीटर पडायला अणूला पाऊण सेकंदाहूनही कमी, सुमारे ०.४५ सेकंद लागतात. दहा सेंटिमीटरला अवघे ०.१४. यंत्राची उंची दहापट कमी केली की मोजमापाची ताकदही दहापट घटते. शिवाय लहान झोतात अणूही कमी अडकतात. सहा झोतांऐवजी एकच झोत आणि खाली कोरलेली एक चकती, हवा उपसणारा पंप अंगठ्याएवढा, तापमान बदलले तरी न भरकटणारा लेसर, अशी एकेक कोंडी फोडत जावे लागते. प्रत्येक कोंडीला वर्ष-दीड वर्ष जाते. मध्येच एखादी बारीक गळती निघते आणि सहा महिने वाया जातात. भाचीच्या वहीत मी पाहिले आहे : पानेच्या पाने फक्त तारखा, आणि पुढे एकच शब्द, 'गळती'.

एकदा ती हसत म्हणाली, "मामा, आमच्या लॅबमध्ये अर्ध्या अंशाने एसी बिघडला तरी सगळे घाबरतात. खरं तर यंत्र नांदेडला मे महिन्यात, धुळीत आणि लाइट गेलेली असताना चालवून पाहायला पाहिजे. तिथं चाललं तर कुठंही चालंल." मला हे हसण्यावारी नेण्यासारखे वाटत नाही. मराठवाड्याचे ऊन, धूळ आणि भारनियमन ही जर कशाची प्रयोगशाळा होऊ शकत असेल तर ती याची.

आजीचा प्रश्न

मेहुण्यांच्या आई आज पंच्याऐंशीच्या आहेत. त्या पहाटे त्यांनी धाकटा दीर आणि त्याची दोन मुले गमावली. नात काय करते हे त्यांनी एकदा नीट समजून घेतले, आणि मग विचारले, "मग तुझं ते यंत्र सांगंल का गं, पुन्हा कधी हालंल ते?"

घरात सगळे गप्प झाले. ती म्हणाली, "नाही आजी. ते नाही सांगणार. कुणाचंच यंत्र ते सांगत नाही अजून."

"मग कशाला गं एवढं?"

हा प्रश्न आपण सगळ्यांनीच विचारायला हवा, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. भूकंपाची तारीख सांगणारे यंत्र आज जगात नाही आणि तसे सांगणाऱ्याला दारात उभे करू नये. पण भूकंप नेमका कुठे, किती खोल झाला हे ठरते ते निरनिराळ्या केंद्रांवर लाटा कोणत्या क्षणी पोहोचल्या यावरून. पहिली लाट खडकातून सेकंदाला सहाएक किलोमीटर धावते. घड्याळात एक दशांश सेकंदाची गफलत झाली तर भूकंपाची जागा सहाशे मीटरने चुकते. २००६ च्या अखेरीपासून नांदेड शहराच्या पोटातून गूढ आवाज आणि बारीक धक्के येऊ लागले तेव्हा लोक रात्र-रात्र रस्त्यावर बसले होते. २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत तेच झाले. २०२४ साली मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि नांदेड-परभणीपर्यंत भांडी वाजली. अशा वेळी अफवेला उत्तर देते ती नेमकी नोंद. आवाज अमुक खोलीवरून येतो आहे, धक्के वाढत आहेत की विरत आहेत, एवढे छातीठोक सांगता आले तरी माणूस घरात झोपायचे की अंगणात, याचा निर्णय शहाणपणाने करू शकतो.

आणि पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हा स्टेशनात पाहायला गेलेल्यांत मीही होतो, आणि पाण्याचे डबे बघून मला आनंद व्हावा की लाज वाटावी ते कळेना. आमच्याकडे माणूस कर्ज काढून बोअर घेतो, आठशे फूट जातो, धुरळा निघतो, मग दुसरीकडे आठशे फूट. जमिनीखालचे पाणी किती उरले ते राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींत वर्षातून चार वेळा मोजते. पण पाण्याला वजन असते, आणि वजन असले की ते गुरुत्वाकर्षणात भर घालते. जमिनीखाली सर्वदूर मीटरभर जाडीचा पाण्याचा थर असेल तर वरचे गुरुत्वाकर्षण दहा कोटी भागांत सुमारे चार भागांनी वाढते. २००२ साली गेलेल्या 'ग्रेस' नावाच्या जोड-उपग्रहांनी याच तत्त्वावर साऱ्या देशाचे भूजल आकाशातून तोलले. मात्र त्यांना दिसतो तो मोठा प्रदेश, एखादा शिवार त्यांच्या नजरेत येत नाही.

आपला काळा पाषाण कंजूष. त्याच्या घनफळात झिरपून मिळणारे पाणी एक-दोन टक्के. पातळी दहा मीटर खाली गेली तर प्रत्यक्ष पाणी घटते ते वीसेक सेंटिमीटर, आणि गुरुत्वाकर्षणातला फरक अब्जात आठ-नऊ भागांचा. थंड अणूंची उत्तम यंत्रे पुरेसा वेळ दिला तर अब्जात एक भाग ओळखतात. म्हणजे हे शक्यतेच्या कोटीत आहे, अगदी काठावर का होईना. २०२० साली असे एक यंत्र इटलीत एटना ज्वालामुखीवर नेऊन ठेवले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी रस्त्याखाली पुरलेला दोनेक मीटर रुंदीचा बोगदा दुसऱ्या यंत्राने वरूनच हुडकला. आमच्या बांधावर असे यंत्र उद्या येणार नाही, आणि आले तरी बोअर कुठे घ्यायचे ते बोट दाखवून सांगणार नाही. मात्र तालुक्याच्या पोटात यंदा किती पाणी आहे हे उसाची लागवड होण्याआधी कळले, तर भांडण तरी खऱ्या आकड्यावर होईल.

मी दिलेला सल्ला

आता माझी चूक सांगतो. भाचीचे विद्यावेतन पाच वर्षांचे होते. ३१ हजारांवरून ते २०२३ मध्ये ३७ हजार आणि पुढे ४२ हजार झाले. त्यातून खोलीचे भाडे भागवून ती घरी पैसे पाठवी. मधूनमधून ते चार-चार महिने रखडायचे, मग मेहुणे उसनवारी करायचे. पाच वर्षे भरली आणि वेतन थांबले. प्रयोग मात्र थांबला नव्हता, यंत्राला शेवटची मोजणी करायला आणखी वर्ष हवे होते. असल्या प्रयोगांना सहा-सात वर्षे लागतात हे त्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे, विद्यावेतनाच्या नियमाला ते ठाऊक नाही. त्याच वेळी नांदेडच्या एका शिकवणी वर्गाने तिला पदार्थविज्ञान शिकवण्यासाठी विद्यावेतनाच्या तिप्पट पगार देऊ केला. मेहुण्यांनी मला फोन केला. मी म्हणालो, "घे म्हणावं. प्रबंध काय, शनिवार-रविवारी लिहिता येतो."

मीही त्या गाड्याचाच बैल ना! तिने माझा सल्ला ऐकून घेतला, दोन दिवसांनी फोन करून म्हणाली, "मामा, तुम्ही आम्हाला सेकंद वाचवायला शिकवलं. मला आता एक नीट मोजायचाय." ती पुण्याच्या एका महाविद्यालयात सकाळी तासिका तत्त्वावर शिकवते, दुपारपासून रात्रीपर्यंत प्रयोगशाळेत असते. मला राग यायला हवा होता. आला नाही.

लातूर पॅटर्नला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. ज्या भागाला कुणी विचारत नव्हते, त्या भागातल्या मुलांनी त्याच्या जोरावर राज्यात नाव काढले. पण आपण अशी पिढी घडवली जिला उत्तर आधीच छापलेले प्रश्न वेगाने सोडवता येतात. ज्याचे उत्तर कुणालाच माहीत नाही त्या प्रश्नापाशी सात वर्षे बसायला आपण शिकवले नाही, आणि कुणी बसलाच तर त्याच्या जेवणाच्या डब्याची सोय केली नाही.

ही सोय आता करता येण्यासारखी आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटींची राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली. तिच्यात अणुघड्याळे आणि सूक्ष्म संवेदक हे एक ठळक उद्दिष्ट आहे, आणि संवेदनाचे केंद्र आपल्याच मुंबईच्या आयआयटीत आहे. त्याच महिन्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या 'लायगो-इंडिया'ला २,६०० कोटींची मंजुरी मिळाली. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आणि आत जवळपास पूर्ण निर्वात. नांदेडहून दीड तासाच्या वाटेवर जगातले एक अत्यंत सूक्ष्म मोजमाप होऊ घातले आहे. त्या नळ्यांची जोडणी करणारे, गळती शोधणारे, लेसर राखणारे हात बाहेरून आणायचे की नांदेड-हिंगोली-लातूरच्या आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतून तयार करायचे, हे आजच ठरवावे लागेल. उद्घाटनाच्या वेळी कमानी उभारण्याइतके ते सोपे नाही. विद्यापीठात एक चांगली यंत्रशाळा, एक निर्वात-तंत्राचा अभ्यासक्रम, प्रयोग संपेपर्यंत आणि वेळेवर मिळणारे विद्यावेतन, एवढ्यापासून सुरुवात होईल. आणि ज्या शिकवणी वर्गांच्या फलकांवर दरवर्षी डॉक्टर झालेल्या मुलांचे फोटो झळकतात, त्यांनी एखादा कोपरा संशोधनाला गेलेल्या मुलांनाही द्यावा. आमच्याकडे मुले फलक वाचत मोठी होतात.

गेल्या दिवाळीत भाची गावी आली होती. वडिलांचे घड्याळ आता तिच्याकडे असते, चालते, पण दिवसाला चार मिनिटे पुढे पळते. दुपारी तिने मीटरभर दोऱ्याला एक नट बांधला, तो ओसरीच्या आढ्याला टांगला आणि हेलकावे मोजायला आजीला बसवले. शंभर हेलकावे, फोनवर सेकंद. दोनशे एकच्या आसपास यायला हवेत, मग गुरुत्वाकर्षण ९.८ च्या जवळपास निघते. माझे मेहुणेही विडा बाजूला ठेवून पाहायला आले. आजी बोटांची पेरे धरून मोजत होत्या, ओठ हलत होते, नव्वदच्या पुढे गेल्या आणि एकदम थांबल्या.

"चुकलं गं," त्या म्हणाल्या. "सोड पुन्हा. पहिल्यापासून मोजू."